अण्णांच्या फळ्या आणि आजीची खानावळ

आमच्या कंपनीची पहिली खरेदी सागाच्या जुन्या फळ्यांची. मुंबईत रे रोडजवळ दारूखाना नावाच्या भागात जहाजं तोडायचे, तिथल्या एका वखारीतून अण्णांनी त्या उधारीवर उचलल्या. तेव्हा हातात एकही काम नव्हतं. कुदळी, पहारी, घमेली भाड्याने मिळत. गावाकडची माणसं निरोप गेला की एसटीत बसत. फळ्या मात्र स्वतःच्या मालकीच्या आणि कामाच्या आधी हव्यात, असा त्यांचा हट्ट होता. पाण्याच्या, विजेच्या, टेलिफोनच्या आणि पुढे गॅसच्या लाइनी जमिनीखाली टाकणारी आमची घरची कंपनी तिथून सुरू होते. हे कुठे लिहिलेलं नाही. दादा, म्हणजे माझे वडील, आता साइटवर फारसे जात नाहीत. त्यांच्याकडून ऐकून आणि त्यांच्या वह्या वाचून मी हे लिहून ठेवते आहे.

अण्णा माझे आजोबा. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातले. पावसाने पाठ फिरवलेला मुलूख, बाजरी आणि शाळू यांच्यावर वर्ष निघायचं, तेही निघालं तर. मुंबईला ते आले ते वैतरणेच्या पाण्याच्या लाइनीवर बिगारी म्हणून. शहराला नळाचं पाणी 1860 मध्ये विहार तलावातून मिळालं, 1879 मध्ये तुळशी आलं, 1892 मध्ये तानसा. पण स्वातंत्र्य आणि फाळणीनंतर माणसं इतकी वाढली की हे सगळं अपुरं पडलं. मग वैतरणेवर धरण बांधलं, ते 1957 मध्ये पुरं झालं. महापालिकेचे इंजिनीअर नानासाहेब मोडक यांच्या नावाने त्याला मोडकसागर म्हणतात. तिथून शहराकडे येणारी लाइन 96 इंची. अण्णा सांगायचे, आत उभं राहून हात वर केला तरी वरची बाजू हाताला लागायची नाही. दुष्काळी गावात हंडाभर पाण्यासाठी पायपीट केलेला माणूस त्या पाइपात उभा राहून काय विचार करत असेल, हे मी त्यांना विचारायला हवं होतं असं नेहमी वाटतं. ते गेले तेव्हा मी शाळेत होते.

ते काम संपल्यावर अण्णा शहरातल्या एका ठेकेदाराकडे लागले. गल्लीबोळातल्या लहान लाइनी, सहा इंची, नऊ इंची. शिवडीच्या बाजूला एका कामावर चर माणसाच्या डोक्याच्या वर गेला होता. भरणीची जमीन, खाली खाडीचा चिखल, भरती आली की तळातून पाणी वर येई. एका दुपारी कड सुटली. खाली अण्णांच्याच गावचा एक जण होता. फावड्याने उकरायची सोय नव्हती, कारण फावडं त्यालाच लागलं असतं. सगळ्यांनी हातांनी माती ओढली. त्याला बाहेर काढलं तेव्हा उशीर झाला होता. आदल्या आठवड्यातच अण्णांनी ठेकेदाराकडे कडेला लावायला फळ्या आणि टेके मागितले होते, आणि ‘रेटमध्ये फळ्या धरलेल्या नाहीत’ असं उत्तर मिळालं होतं. मृतदेह गावी पोचवून अण्णा परत आले ते त्या ठेकेदाराकडे गेलेच नाहीत. दारूखान्यात गेले.

आज भारतीय मानक सांगतं की मातीतला चर दीड मीटरपेक्षा खोल असेल तर त्याला आधार द्यायलाच हवा. आधार म्हणजे दोन्ही कडांना उभ्या फळ्या, त्यांना आडवी लाकडं, आणि मधे घट्ट बसवलेले टेके. अजूनही मुंबईत फिरताना मी उघडे खोल चर बघते. आत माणूस वाकलेला, वर कडेलाच काढलेल्या मातीचा ढीग. माझ्याकडून गाडी पुढे जात नाही. उतरून मुकादमाला सांगते, माती निदान कडेपासून मागे सार. कुणी ऐकतात, कुणी ‘तुम्ही कोण?’ विचारतात.

आता आजीकडे येते, कारण कंपनीचा खरा हिशेब तिच्यापासून सुरू होतो.

लालबागच्या चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत आजी खानावळ चालवायची. गिरणगावात अशा खानावळी घराघरांत होत्या. गावाकडे बायकामुलं ठेवून आलेले गिरणीकामगार महिन्याच्या बोलीवर जेवायचे. जेवण चुकलं की खाडा, खाड्याचे पैसे वजा. आजीला लिहिता येत नव्हतं. भिंतीवर कोळशाने रेघा मारून ती वीस-पंचवीस माणसांचे खाडे चोख ठेवायची. अण्णांनी स्वतःचं काम घेतलं तेव्हा जी अडचण आली, ती या धंद्यातल्या प्रत्येकाला येते. मजुराला दर शनिवारी आठवडा द्यावा लागतो, शिवाय आजारपणाची, लग्नकार्याची उचल. आणि बिल मात्र मोजमाप होऊन, पुस्तिकेत चढून, सह्या होऊन, कित्येक महिन्यांनी निघतं. वर अनामत रक्कम अडकलेली. बँक आम्हाला दारात उभं करत नव्हती. मधल्या सगळ्या महिन्यांचे आठवडे खानावळीच्या डब्यातून गेले. गँगही तिथेच जेवायची. बिल लांबलं म्हणून भाकरी कमी झाली, असं एकदाही घडलं नाही असं दादा सांगतात.

भागीदारीचा कागद झाला तेव्हा त्यावर अण्णा, दादा आणि काकांची नावं आली. आजीचं नाव नाही. मला हे सलतं. मी ऑफिसात बसते त्या खोलीत अण्णांच्या फोटोशेजारी तिचा फोटो लावला आहे, आणि कंपनी कुणी काढली असं कुणी विचारलं तर मी दोघांची नावं घेते.

दादांनी कामाला हात लावला तो शिशाच्या जोडापासून. हे कसब आता जवळजवळ गेलंय, म्हणून नीट सांगते. बिडाच्या पाइपाचं एक तोंड रुंद असतं, त्याला सॉकेट म्हणतात. पुढच्या पाइपाचं टोक त्यात जातं. दोघांच्या मधली फट आधी तागाची सुतळी ठोकून अर्धी भरायची, म्हणजे शिसं पाइपाच्या आत ओघळत नाही. मग दोरीला ओली चिकणमाती थापून ती तोंडाभोवती गुंडाळायची आणि वर ओतायला एवढीशी वाट ठेवायची. शिसं 327 अंशांना वितळतं. कोळशाच्या भट्टीवर ते तापलं की लोखंडी पळीने एका दमात ओतायचं. मधे थांबलात तर आधीचं थिजतं आणि जोडात थर पडतो, पुढे तिथूनच गळती. फटीत पाणी राहिलं असेल तर त्याची क्षणात वाफ होते आणि वितळलेलं शिसं तोंडावर उसळतं. दादांच्या उजव्या हातावर कोपरापर्यंत त्याचे डाग आहेत. शिसं निवलं की छिन्नी-हातोडीने ते आत दाबत जायचं. सुरुवातीला आवाज बद्द येतो, दाबत गेलं की तो टणक होत जातो. दादा पाठ करून उभे राहायचे आणि नुसत्या आवाजावरून ‘खालच्या बाजूला अजून घे’ म्हणून सांगायचे.

जोड कोरडा हवा, आणि शिवडी, रे रोडसारख्या ठिकाणी जमीन कोरडी कधी नसते. म्हणून दादा तिथल्या कामाचं वेळापत्रक कालनिर्णय बघून लावायचे. पौर्णिमा-अमावास्येला उधाणाची भरती, चर पंपाने उपसून संपत नाही. अष्टमीच्या सुमाराला भांग असतो, भरती नरम. खोदाई कधीही करा, शिसं ओतायचं ते भांगाला आणि ओहोटीच्या तासांत. हे त्यांना माझगावच्या एका कोळी शेजाऱ्याने शिकवलं.

एवढी काळजी का, हे मुंबईच्या पाण्याचं वेळापत्रक माहीत असलं की कळतं. आपल्याकडे बहुतेक वस्त्यांत पाणी दिवसातले काही तास येतं. चावीवाला येऊन व्हॉल्व्ह फिरवतो, पाणी सुटतं, पुन्हा बंद. उरलेल्या वेळात लाइन रिकामी होत जाते. रिकामी होणारी लाइन सैल जोडातून आजूबाजूचं काय असेल ते आत ओढून घेते, आणि मुंबईच्या जमिनीत आजूबाजूला बऱ्याचदा गटाराचं पाणी असतं. गळका जोड म्हणजे वाया गेलेलं पाणी आणि कुणाच्या तरी मुलाला झालेली कावीळ, दोन्ही. पुढे रबराच्या कड्याचे डी.आय. (डक्टाइल आयर्न, सहज न तडकणारं बीड) पाइप आले, साडेपाच मीटरचा पाइप नुसता ढकलून बसतो. काम सोपं झालं आणि दादांना त्याचं वाईट वाटलं नाही. शिशाच्या धुरात अख्खं तारुण्य गेलेला माणूस जुन्या कामाचे गोडवे गात नाही.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. खानावळीतली माणसं आधी पैसे थकवू लागली, मग जेवायला येईनाशी झाली, मग गावी गेली. आजीने एकालाही पैशासाठी अडवलं नाही. त्याच वर्षी आमच्या गँगमध्ये गिरणीतली माणसं आली. कुदळ मारायला त्यांना लाज वाटते हे दादांना दिसत होतं. लालबागच्याच रस्त्यावर, ओळखीच्यांसमोर. दादांनी त्यांना काम दुसऱ्या भागात दिलं, आणि गिरणीच्या मेकॅनिक खात्यातले जे फिटर होते त्यांच्याकडे व्हॉल्व्ह, फ्लँज आणि नळजोडणीची कामं सोपवली. धातूचा हात तयार असलेली माणसं ती. दोन पाइपांच्या तोंडांत केसाएवढी फट राहिली तरी त्यांना खपायचं नाही. आमच्या कंपनीचं नाव पुढे ज्या कामांमुळे झालं ती कामं या फिटरांची. संपाबद्दल खूप बोललं गेलं. तिथली माणसं पुढे कुठल्या कामांत जिरली, याबद्दल फार थोडं बोललं गेलं असं मला वाटतं.

विजेच्या केबलीचं काम थोडं, पण त्याची ऐट वेगळी. वीज आणि ट्राम चालवणारी बेस्ट कंपनी महापालिकेने 1947 मध्ये ताब्यात घेतली, आणि शहर भागातल्या वीजवाहिन्या जमिनीखालून आहेत. केबलचा ड्रम जॅकवर चढवायचा, चरात रोलर मांडायचे, आणि पन्नास-साठ माणसांनी एका तालात केबल ओढायची. त्या कामाला तेलंगणातल्या महबूबनगरकडची माणसं असत, पिढ्यान्‌पिढ्या खोदाईच्या कामावर मुंबईला येणारी. त्यांचं ओढण्याचं गाणं तेलुगूत, मुकादमाच्या आरोळ्या मराठीत. लहानपणी शनिवारी दादांबरोबर गेले की मी त्या तालावर पाय आपटायची.

वर्षाचं चक्र तेव्हाही हेच होतं. पावसाळ्याआधी रस्ते पूर्ववत करायचे, पाऊस संपेपर्यंत नवी खोदाई बंद, फक्त फुटीची तातडीची कामं. माणचे मजूर पेरणीला गावी जात, बाजरी काढून, शाळू पेरून दसऱ्यानंतर परतत. शहराचा नियम आणि गावाची शेती एकमेकांत बसत असल्यामुळे आमची गँग तीन पिढ्या टिकली.

चर बुजवण्याबद्दल मला चार शब्द बोलायचे आहेत. लोक खोदाईवर चिडतात. खरा त्रास बुजवण्यातून होतो. माती सहा-सहा इंचांच्या थरांत टाकायची, प्रत्येक थरावर पाणी मारायचं, धुम्मसने ठोकायचं, मग पुढचा थर. आता धुम्मसच्या जागी यंत्र आलं, थरांचा हिशेब तोच. घाईत एकदम सगळी माती लोटली, त्यात डेब्रिज घातलं, की पहिल्या पावसात ती बसते आणि वरचा रस्ता खचतो. त्यातून मुंबईत लाइन टाकणारा एक आणि वरचा रस्ता पूर्ववत करणारा बहुधा दुसरा. लाइन टाकणाऱ्या कंपनीने पालिकेकडे पैसे भरायचे आणि पालिकेच्या ठेकेदाराने डांबर टाकायचं. खचलं तर दोघं एकमेकांकडे बोट दाखवू शकतात. अण्णांनी पहिल्या कामापासून थरांच्या वेळी घरचं कुणीतरी साइटवर हजर असण्याचा नियम केला. खोदाईला मुकादम पुरे, बुजवायला घरचा माणूस. आजही तो पाळतो. मी रात्री दोनला हिंदमाताला उभी राहून थर मोजलेले आहेत.

मी डिप्लोमा केला आणि ऑफिसात आले तेव्हा गॅसची कामं सुरू झालेली होती. महानगर गॅस 1995 मध्ये स्थापन झाली, आणि पिवळे प्लॅस्टिकचे पाइप रस्त्यांखाली जाऊ लागले. त्याचे जोड विजेने तापवून वितळवतात. जोडणाऱ्याला प्रशिक्षण लागतं, प्रत्येक जोडाची नोंद ठेवावी लागते. कागद ठेवायची ही शिस्त आमच्या धंद्यात नवीन होती आणि मला ती फार आवडली. मग फायबर आलं, मग आडवी ड्रिलिंग करणारी यंत्रं. एका खड्ड्यातून रॉड जमिनीखाली घुसवायचा, वरून त्याचा माग काढत दुसऱ्या खड्ड्यात बाहेर काढायचा आणि परतताना पाइप ओढून आणायचा. रस्ता कापावा लागत नाही. माझ्या चुलतभावाने ते यंत्र कर्जावर घेतलं. 2012 च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने 122 दूरसंचार परवाने रद्द केले. आम्ही ज्यांचं काम करत होतो त्यातली एक कंपनी गुंडाळली गेली आणि आमचं बिल बुडालं. यंत्र विकून मजुरांचे पैसे भागवले. त्या वर्षाबद्दल घरात कुणी फार बोलत नाही.

आणि आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला बसले ती. दादांच्या वह्या.

चर उघडला की दादा आत काय दिसलं ते वहीत काढायचे. आपण टाकलेली लाइन तर काढायचेच, पण आडवी आलेली प्रत्येक वस्तूही. बेस्टची केबल किती खोल, जुनी बिडाची लाइन कुठून कुठे, विटांचं गटार, जुन्या गॅस कंपनीचा रिकामा पाइप, डांबराखाली राहिलेले ट्रामचे रूळ. ट्राम 31 मार्च 1964 ला बंद झाली, पण बऱ्याच ठिकाणी रूळ काढलेच नाहीत, वर डांबर चढवलं. हे सगळं पेन्सिलीने, फूट-इंचांत, इमारतीच्या कोपऱ्यापासून मोजून. दादरच्या एका गल्लीत ड्रिलिंग करायचं होतं. मिळालेल्या नकाशात त्या ठिकाणी काही नव्हतं. दादांच्या वहीत एक नऊ इंची लाइन तिरकी जात होती. आम्ही हाताने चाचणीचा खड्डा घेतला आणि लाइन तिथेच होती, चालू. रॉड घातला असता तर त्यातून आरपार गेला असता, आणि त्या गल्लीचं पाणी गेलं असतं.

अडचण अशी की वहीतले कोपरे आता पडत चालले आहेत. ‘चाळ नं. 3 च्या दक्षिण कोपऱ्यापासून 7 फूट 4 इंच’, आणि त्या चाळीच्या जागी टॉवरचं पोडियम. कोपरा गेला की वहीतली सगळी मापं लोंबकळत राहतात. म्हणून मी आणि माझा भाचा रविवारी वह्या घेऊन निघतो. परळ, लालबाग, शिवडी, नायगाव. जे कोपरे उभे आहेत त्यांचं उपग्रहावरून स्थान घ्यायचं, आणि वहीतली मापं त्यावरून नकाशावर मांडायची. कधी कोपरा गेलेला असतो, पण शेजारचं देऊळ किंवा पाणपोई शिल्लक असते आणि दादांनी तिथूनही एक माप घेतलेलं असतं. दादांना संध्याकाळी नकाशा दाखवला की ते चष्मा कपाळावर सरकवून म्हणतात, “इथे व्हॉल्व्ह होता. तो लावलास का?” मार्च 2023 मध्ये केंद्र सरकारने ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप आणलं. खोदणाऱ्याने आधी कळवायचं, म्हणजे ज्याची लाइन खाली आहे त्याला ते समजतं. चांगली सोय आहे. पण जी लाइन कुणाच्याच दप्तरात उरलेली नाही, तिच्या वतीने ॲपला उत्तर कोण देणार? ती माहिती म्हाताऱ्या मुकादमांच्या डोक्यात आणि अशा वह्यांत आहे. आमचा नकाशा पुरा झाला की तो आम्ही पालिकेच्या जल विभागाला विनामोबदला देणार आहोत. चुलतभावाचं म्हणणं होतं की ही कंपनीची मिळकत आहे, धंद्यात उपयोगी पडते. दोन महिने आमचा वाद चालला. शेवटी दादा म्हणाले, “चर रस्त्यात होता, आपल्या अंगणात नव्हता.” मग तो विषय संपला.

नायगाव आणि काळेवाडीच्या वहीतली काही पानं वाळवीने खाल्ली आहेत. तुमच्या घरात कुणी पाण्याच्या, केबलीच्या किंवा टेलिफोनच्या लाइनीवर काम केलं असेल, संपानंतर गिरणीतून या कामाला आलं असेल, आणि त्यांच्या वह्या, स्केच, जुनी मोजमापं ट्रंकेत पडून असतील, तर रद्दीत देऊ नका. मला कळवा. मी येऊन फोटो काढून घेईन, वही तुमच्याकडेच राहील. आणि ती माणसं अजून असतील तर त्यांना भेटायला मला जास्त आवडेल. येताना काळेवाडीची फाटकी पानं घेऊन येईन.